एक दार आणि दोन गावं

सुताराने गाव सोडलं तेव्हा भिंती आणि छप्पर तेवढं मागे ठेवलं. फडताळं काढली, खुंट्या काढल्या, आणि शेवटी छिन्नी-हातोडा घेऊन दिवसभर भिंतीशी झटापट करून दार चौकटीसकट सोडवलं आणि हातगाडीवर चढवलं. वीतभर लाकूड कुठे टाकून येईल तर तो सुतार कसला. त्यातून हे दार त्याच्या बापाने केलेलं, तीन रुंद फळ्यांचं, आणि फळ्यांचे जोड असे की अजूनही त्यात नख शिरत नव्हतं. त्याच्या आईने तर आधीच बजावून ठेवलं होतं की तुम्ही म्हणाल तिथे येते, पण माझं दार दुसऱ्या कुणी उघडलेलं मला खपायचं नाही.

गाव सोडायला कारण तसंच होतं. गावच्या विहिरीने दोन वर्षं लागोपाठ हात टेकले होते. थंडी सरायच्या आत तळ दिसायचा, आणि पुढे चार महिने माणसं एकमेकांच्या घागरीकडे बघत बसायची. सुतारणीच्या मावशीने जाता जाता अर्धा एकर जमीन भाचीच्या नावावर करून दिली होती, दोन कोसांवर, कालव्याच्या काठाला. तिथे हिवाळाभर खपून दोघांनी विटांच्या दोन खोल्या उभ्या केल्या. गिलावा व्हायचा होता. चौकट भिंतीत पक्की केलेली नव्हती, नुसत्या लाकडी पाचरींवर उभी होती. पण उघडावं असं दार होतं, दारासमोर जमीन होती, आणि जमिनीपलीकडे हाकेच्या अंतरावर कालवा होता. सुतारीण रोज सकाळी दार उघडून आधी तिकडे बघायची, मग चूल पेटवायची.

चौकटीच्या वरच्या पट्टीवर जुन्या गावच्या कचेरीची पत्र्याची पाटी होती, घर क्रमांक एकेचाळीस. चौकटीबरोबर तीही आली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. उलट नव्या घरी दाराला तेलपाणी करताना सुतारणीने ती पाटी राखेने घासून लख्ख केली होती.

आल्या आल्या तिने मिरचीचे सहा वाफे टाकले. रोपं चांगली बोटभर उंच झाली, चार-चार पानांवर आली, आणि उन्हाने डोकं वर काढलं. कालव्याला पाणी होतं, पण ते गावच्या पाळीचं. ज्याच्या नावावर पाळी त्यानेच ते घ्यायचं, दुसऱ्याने नुसतं बघायचं. म्हणून सुतारीण पिठाच्या गिरणीजवळच्या हातपंपावरून दोन बादल्या घेऊन सकाळी पंधरा खेपा घालायची, संध्याकाळी पंधरा. बादलीच्या कड्यांनी बोटांच्या पेरांना वळ पडले होते. खांदे तर असे उतरले होते की केस विंचरायला हात वर नेला तरी आई गं म्हणावंसं वाटायचं. एवढं करून रोपं फक्त जगत होती. पाचेक दिवसांत ती उपटून शेतात लावली नाहीत तर वाफ्यातच वांझोटी वाढून जाणार, आणि अर्ध्या एकराला बादलीने पाणी घालणं म्हणजे वेडेपणाच.

त्यात गिरणीवाल्याशी तिचं फाटलेलं. गिरणीवाला म्हणजे या बाजूचा एकुलता एक शेजारी, थोराड अंगाचा, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला. आठवी-नववी खेप चालू असताना तो एकदा गिरणीच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाला होता की पंप गावातल्या लोकांसाठी आहे, वाफ्यांसाठी नाही, आणि गावातले लोक कोण ते कचेरीच्या वहीत लिहिलंय. सुतारणीच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. आम्ही दिसत नसलो तर आधी डोळ्यांतलं पीठ झाडा, असं ती चार गिऱ्हाइकांसमोर बोलून बसली. बरं, त्याचा राग नुसता तेवढ्यावरच नव्हता. त्याने गिरणीसाठी सुताराकडे दोन झडपांचं मोठं दार चौकटीसकट करायला टाकलं होतं, आणि ते पंधरा दिवस उशिरा चाललं होतं. ते आता तयार होऊन अंगणात भिंतीला टेकून उभं होतं, फक्त तेलाचा शेवटचा हात राहिला होता.

सोमवारी पाटकरी, म्हणजे कालव्याच्या पाण्याची राखण करणारा माणूस, सायकलवरून सांगत गेला की शनिवारी सकाळी पाळीची यादी वाचणार. वहीत नाव त्यालाच पाळी. राहिला तो राहिला, पुढची यादी महिन्याने. सुतारीण ते ऐकून बादल्या तिथेच ठेवून घरात आली आणि नवऱ्याला म्हणाली, “उद्या कचेरीत जायचं. रंधा ठेवा खाली.”

कचेरीत म्हणजे एका खोलीत. एक टेबल, एक कारकून, एक बाक, आणि बाकावर ठेवलेल्या फायली, त्यामुळे माणसांनी उभंच राहायचं. कारकून चष्मा कपाळावर चढवून सुताराशीच बोलत होता. या बाई कोण, असं त्याने एकदा विचारलं आणि उत्तर न ऐकताच लिहायला लागला. सुताराचं एक होतं, रंधा हातात असला की तो दहा माणसांना ऐकणार नाही, पण टेबलापलीकडे कुणी बसलेलं असलं की त्याची वाचा बसायची. तो कारकुनाकडे बघण्याऐवजी टेबलाच्या पायाकडे बघत राहिला. शेवटी सुतारणीनेच सगळं सांगितलं, कुठून आलो, कधी आलो, जमीन कुणाची, घर केवढं.

कारकुनाने समजावून सांगितलं, आणि त्याचं सांगणं अगदी सरळ होतं. पाण्याच्या यादीसाठी गावच्या वहीत नाव हवं. वहीत नाव यायचं तर दोन गोष्टी लागतात. जुन्या गावच्या वहीतून नाव निघाल्याचा दाखला, आणि नव्या घराची पाहणी. पाहणीला शेजारचा एक साक्षीदार लागतो. घराला भिंती, छप्पर आणि उघडमीट होणारं दार हवं, नाहीतर ते घर नाही, गोठा.

“एक माणूस एका वेळी दोन गावांत राहू शकत नाही,” कारकून म्हणाला. “आधी तिकडून नाव निघालं पाहिजे.”

“आणि तिकडून निघालं, इकडे लागलं नाही, तर मधल्या वेळात माणूस राहतो कुठे?” सुतारणीने विचारलं.

“मधला वेळ आमच्या वहीत नसतो, बाई.”

तेवढ्यात टेबल हललं. कारकून दचकून मागे सरला. सुतार खाली वाकला होता आणि टेबलाच्या आखूड पायाखाली खिशातली लाकडाची ढलपी सारत होता. त्याने तळव्याने दोनदा ठोकलं, टेबलाला धक्का देऊन पाहिलं, आणि जागेवर जाऊन उभा राहिला. टेबल हलेना. कारकुनाने एक ओळ लिहून पाहिली, दुसरी लिहून पाहिली. आभार वगैरे त्याने काही मानले नाहीत, पण चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाला की शुक्रवारी तीन नंतर तुमच्याकडे पाहणीला येतो, तोवर दाखला आणा.

बुधवारी दोघं जुन्या गावी गेली. तिथली कारकूनबाई ओळखीची. तिच्या लेकराचा पाळणा सुतारानेच केलेला. तिने पाणी दिलं, सुताराच्या म्हाताऱ्या आईची चौकशी केली, आणि अर्जाचा कागद पुढे ठेवला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही नाहीतर अंगठा हवा, म्हातारीचासुद्धा. आणि शिपाई जाऊन घर पाहून येणार, की घर रिकामं आहे, दाराला कुलूप आहे, क्रमांकाची पाटी जागेवर आहे. मागे काही लोक वहीतून नाव काढून घेत आणि राहत मात्र तिथेच, म्हणून हा नियम आला होता.

शिपाई लगेच सायकल काढून गेला आणि अर्ध्या तासात हसत हसत परत आला. चाळीस नंबर आहे, बेचाळीस नंबर आहे, म्हणाला, मध्ये एक भोक आहे. आत दोन शेळ्या बसल्यात, आणि उठायला तयार नाहीत.

सुतार आणि सुतारीण एकमेकांकडे बघत राहिली. राखेने घासलेली ती लख्ख पाटी दोघांच्याही एकदमच डोळ्यांसमोर आली असावी.

“पाटी उद्या आणून ठोकतो भिंतीला,” सुतार म्हणाला.

“आणि कुलूप कशाला लावाल? शेळ्यांना?” कारकूनबाई हसत होती, पण कागद तिने हातातून सोडला नाही. तिचाही इलाज नव्हता. शिपाई आता शुक्रवारीच सकाळी पाहणीला निघणार. त्याच्या आत घराला दार, दाराला कुलूप, दारावर पाटी. “शुक्रवारी जे दिसेल ते मी लिहीन,” ती जरा आवाज उतरवून म्हणाली. “शनिवारी तिथे काय होतं, ते मला कुणी विचारत नाही.”

येताना वाटभर सुतारीण हिशेब मांडत होती. शुक्रवारी सकाळी दार जुन्या गावात. शुक्रवारी तीन वाजता दार नव्या गावात. मध्ये दोन कोस. दार एक.

गुरुवारी दुपारी यावर घरात जुंपली. दुसरं दार लगेच करायचं तर वाळलेलं लाकूड नव्हतं, आणि ओल्या लाकडाचं दार करायला सुतार जीव गेला तरी तयार झाला नसता. सुतारणीने अंगणातल्या गिरणीच्या दाराकडे बोट दाखवलं. एक दिवसापुरतं हेच उभं करू, म्हणाली, कुणाला कळतंय. सुतार असा ताडकन उठला की पटाशी मांडीवरून खाली पडली. गिऱ्हाइकाचा माल आपल्या घराला लावायचा? बापाच्या हयातीत असं झालं नाही आणि माझ्याही होणार नाही. त्याने पहाटेच निघायचं ठरवलं. दार बसवायचं, शिपायाला दाखवायचं, काढायचं, आणि तीनच्या आत परत. हातगाडी होतीच.

राहिला प्रश्न म्हातारीचा. अंगठा द्यायला तिला जावंच लागणार होतं, आणि म्हातारी अंगठा मुठीत धरून बसली होती. एक्कावन्न वर्षं त्या गावात काढली, म्हणाली. लग्न होऊन आले ती तिथेच, नवरा गेला तो तिथेच. राहायला तुमच्याबरोबर इथे राहते, त्याला नाही म्हटलंय का? पण नाव तिथे असू द्या. नावाला कुठे पाणी लागतं?

सुतारणीने सासूला पुष्कळ समजावलं. वाफे दाखवले, वळ पडलेली बोटं दाखवली. म्हातारीने सुनेची बोटं हातात घेऊन पाहिली, त्यांना खोबरेल लावून दिलं, आणि पुन्हा मूठ मिटली. सुतारणीला राग आला आणि रडूही आलं. सासू वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी उजाडता उजाडता सुताराने पाचरी सैल केल्या, चौकट काढली, आणि दार हातगाडीवर आडवं टाकलं. म्हातारी काठी टेकत आली आणि दारावर चढून बसली. पायाखाली कुलपाची पिशवी घेतली. अंगठ्याचं काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सुताराने दांड्या उचलल्या आणि गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली.

सुतारीण पाण्याला लागली. सातवी खेप झाली असेल नसेल, तोच कालव्याच्या बंधाऱ्यावर तिला छत्री दिसली. छत्रीखाली कारकून, काखेत वही. अजून अकरासुद्धा वाजले नव्हते. दुपारच्या उन्हाला भिऊन गृहस्थ सकाळीच निघाला होता, आणि आधी गिरणीकडे वळत होता, साक्षीदाराला बोलवायला.

तिने मागे वळून पाहिलं. समोर घर, आणि घराच्या तोंडाला माणूसभर उंचीचं भगदाड. उघडमीट होणारं दार नाही म्हणजे गोठा. गोठ्याला नाव नाही, नावाला पाळी नाही. तिने बादल्या टाकल्या आणि धावत अंगणात आली.

गिरणीचं दार दोन माणसांनी उचलायचं. पण नवरा जड ओंडके कसे हलवतो ते तिने वीस वर्षं पाहिलं होतं. तिने चौकटीखाली दोन गोल दांडके सारले, पहारेने एक बाजू उचकली, आणि खांद्याने रेटत, दांडके मागून काढून पुढे घालत, ते दार वीत-वीत सरकवलं. एकदा ते तिच्याच अंगावर आलं. तिने दात-ओठ खाऊन सावरलं. साडी फाटली, कोपर सोलवटलं, पण दार भगदाडापुढे आलं. ते भगदाडापेक्षा हातभर रुंद होतं, त्यामुळे आत बसणं शक्यच नव्हतं. तिने ते बाहेरून भिंतीला लावून सरळ उभं केलं. पाचर मारायला वळणार, तोच अंगणात पावलं वाजली. ती पटकन चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि पदराने तोंड पुसलं.

“मालक कुठेत?” कारकुनाने छत्री मिटत विचारलं.

ते दाखला आणायला गेलेत, तिने सांगितलं. साहेब लवकर आले. कारकून म्हणाला की ऊन फार, तेव्हा न बसता पाहणी आटपू. तो दारापाशी आला. सुतारणीने डावी झडप बाहेर ओढली, ती अलगद उघडली. उजवी ओढून ढकलली, ती मिटली. काम चोखच होतं. कारकून वाकून आत गेला आणि तिच्या पाठीवर सगळं ओझं आलं, कारण झडप उघडली की चौकट पुढे झुकायची. ती टाचा मातीत रोवून उभी राहिली. आतून कारकून खोल्या किती, चूल कुठे, खिडक्या किती ते विचारत होता आणि ती न वळता उत्तरं देत होती.

तेवढ्यात गिरणीवाला आला.

तो अंगणाच्या तोंडाशीच थबकला. भुवयांवर पीठ, हात कमरेवर. त्याने आधी भिंतीला टेकलेल्या दाराची रिकामी जागा पाहिली, मग मातीतल्या दांडक्यांच्या खुणा पाहिल्या, मग आपलं दार पाहिलं. मग दाराला पाठ लावून उभी असलेली, घामाने न्हालेली सुतारीण पाहिली. तिला वाटलं, आता भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं. चार लोकांत ज्याला डोळ्यांतलं पीठ झाडायला सांगितलं, त्याच्याच दाराला टेकून, त्याच्याच सहीसाठी ती उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

कारकून बाहेर आला. उन्हाने त्याचा घसा कोरडा पडला होता.

“बाई, जरा पाणी मिळेल का?”

ती हलली नाही. कसं हलणार? हलली तर दार कारकुनासकट अंगणात. कारकून तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागला.

गिरणीवाला सावकाश पुढे आला. तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने आपला रुंद खांदा चौकटीला लावला. तिच्या पाठीवरचा भार एकदम गेला.

“आणा की पाणी, वहिनी,” तो म्हणाला. “मी आहे इथे.”

ती आत गेली. माठापुढे उभी राहून तिने घाईघाईने तांब्या भरला, निम्मं पाणी बाहेरच पडलं. त्या क्षणी तिला त्या पिठाळ माणसाबद्दल सख्ख्या भावाला वाटावी तशी माया वाटली, आणि आपल्या जिभेची लाजही.

बाहेर कारकून वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता आणि गिरणीवाल्याला विचारत होता की हे लोक इथे खरंच राहतात ना. गिरणीवाला म्हणाला की राहतात, चांगला दीड महिना झाला. पहाटेपासून बादल्यांचा आवाज ऐकून मीच राहतोय का नाही अशी शंका यायला लागलीय. कारकुनाने दाराकडे बघून लिहिलं, दार दोन झडपांचं, नवं, मजबूत. मजबूत या शब्दावर गिरणीवाल्याने खांदा जरा घट्ट केला.

“दार कोणी उघडलं, ते लिहावं लागतं,” कारकून म्हणाला. “घरातलं कुटुंबप्रमुख माणूस हजर पाहिजे. मालक तर नाहीत. जमीन कुणाच्या नावावर?”

“माझ्या.”

“मग प्रमुख तुम्हालाच लावतो, उताऱ्यावरच्या नावाने. चालेल?”

सुतारणीचं सगळं लक्ष चौकटीच्या खालच्या कोपऱ्याकडे होतं, तो मातीत हळूहळू सरकत होता. चालेल चालेल, लावा, ती म्हणाली. गिरणीवाल्याने उभ्या उभ्या, खांदा न काढता, हात लांब करून सही केली. कारकुनाने सांगितलं की नोंद शिसपेन्सिलीने केलीय. पाचच्या आत दाखला कचेरीत आला तर शाईने होईल, नाहीतर खोडरबर आहेच. आणि छत्री उघडून तो निघून गेला.

तो बंधाऱ्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत दोघं तशीच दाराला टेकून उभी होती. मग गिरणीवाला हसायला लागला. त्याचं सगळं अंग हलत होतं, भुवयांवरचं पीठ गळत होतं, आणि दारही हलत होतं. सुतारणीलाही हसू आवरेना. दोघांनी मिळून दार परत जागेवर नेऊन ठेवलं. ती काही बोलायला गेली, त्या दिवशी पंपावर मी जरा, असं सुरू केलं, तर त्याने हात हलवून थांबवलं आणि फक्त एवढंच सांगितलं की आता तेलाचा हात तेवढा लवकर मारायला सांगा.

दोन वाजले, अडीच वाजले. सुतारीण बंधाऱ्यावर जाऊन उभी राहिली. तीनला हातगाडी दिसली. सुताराचा सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लाल झालेलं, आणि दारावर म्हातारी ताठ बसलेली. तिच्या उजव्या अंगठ्याला निळी शाई होती.

सुताराने सगळं सांगितलं ते नंतर, दम खाऊन. दार जुन्या जागी बसवलं, पाटी लखलखत होती. शिपाई आला आणि म्हणाला की लावा कुलूप. म्हातारी म्हणाली, थांबा, कुलूप मी लावते. ती आत गेली ती येईचना. शिपाई घड्याळ बघायला लागला. सुताराने आत डोकावलं तर म्हातारीने कुठूनतरी झाडणीचा बुडखा शोधला होता आणि शेळ्यांच्या लेंड्या लोटत होती. दोन्ही खोल्या तिने झाडल्या, कोपरे सुद्धा. मग बाहेर आली, स्वतःच्या हाताने दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन बघितलं. आणि कारकूनबाईपुढे जाऊन अंगठा पुढे केला. घाण घर सोडून जाणारी बाई नव्हे मी, एवढंच म्हणाली. दाखला मिळाल्यावर कुलूप काढलं, चौकट काढली, पाटी तेवढी भिंतीला ठोकली, आणि दोघं निघाली. सांगताना सुताराच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते घामाचं आहे असं भासवायचा तो प्रयत्नही करत नव्हता.

हे सगळं ऐकायला सुतारीण तेव्हा थांबली नव्हती. दाखला ब्लाउजमध्ये खोचून ती कचेरीकडे पळत सुटली होती. पावणेपाचला ती टेबलापुढे उभी होती, धापा टाकत, केसांत कोळिष्टकं, कोपराला वाळलेलं रक्त. कारकुनाने दाखला वाचला, टेबल हलत नाही याची खात्री करून घेतली, आणि शाईने ओळ गिरवली. ती परत निघाली तेव्हा तिचे पाय भरून आले होते, पण चालणं हलकं होतं.

घरी सुतार अंगणात बसून गिरणीच्या दाराची खालची कड बघत होता. तिथे मातीत घासल्याचा ओरखडा होता. त्याने बायकोकडे बघितलं, तिच्या कोपराकडे बघितलं, आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते गिळलं. मग त्याने रंधा घेऊन ओरखडा काढला आणि मुकाट्याने तेल लावायला बसला. संध्याकाळच्या पंधरा खेपा त्या दिवशी त्यानेच घातल्या.

शनिवारी सकाळी कालव्याच्या दरवाजापाशी तीस-चाळीस माणसं जमली होती. पुरुष पुढे, बायका मागे, असं आपोआपच झालं होतं. सुतारीण मागे उभी राहिली, तिथून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती. गिरणीवालाही होता, अंघोळ करून आल्यामुळे प्रथम ओळखू आला नाही. पाटकरी दगडावर चढला आणि नावं पुकारायला लागला. ज्याचं नाव येई तो हजर म्हणे, पाटकरी वार आणि वेळ सांगे, आणि पुढे जाई. हजर नसला तर तीनदा पुकारून नावावर काट मारायची अशी रीत होती.

सुतारणीचे कान नवऱ्याच्या नावाकडे लागले होते. पंधरा नावं झाली, वीस झाली. नवरा पाय बदलत होता. तिला वाटलं, कारकून विसरला. मग वाटलं, दाखल्यात काही खोट निघाली. सहा वाफ्यांतली रोपं तिच्या डोळ्यांपुढे माना टाकायला लागली. पाटकऱ्याने कुठल्याशा बाईचं नाव पुकारलं. कुणी ओ दिली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले, यादीत बाई कुठून आली म्हणून. ही कोण बाई, किती वेळ खाते, असं सुतारणीच्याही मनात आलं.

या गावात तिला सगळे सुतारीण म्हणत. घरात अगं, सूनबाई. जुन्या गावात सुताराची बायको. ते नाव घेऊन हाक मारणारी एकच मावशी होती, आणि ती गेली त्याला दोन वर्षं झाली होती.

पाटकऱ्याने पेन्सिल कानावरून काढली आणि तिसऱ्यांदा पुकारलं. नवऱ्याने एकदम मागे वळून पाहिलं. त्याचे डोळे मोठे झाले होते, आणि चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

“अगं,” तो गर्दीतून म्हणाला, “तुला बोलावतायत.”

तिने पदर खोचला आणि माणसं बाजूला सारत पुढे आली, दगडापर्यंत.

“हजर,” ती म्हणाली.

“केव्हाचा पुकारतोय बाई,” पाटकरी म्हणाला. “होतात कुठे?”

“इथेच,” ती म्हणाली. “सांगा, पाणी कधी?”